सयाजीराव नावाचा घोडा



आयोजकांनी फोन करून विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितलं, 'घोड्यांच्या शर्यतींचा इतिहास'. पलीकडे जरा शांतता पसरली. मग हळूच प्रश्न आला, 'सर, पण तुमचा विषय तत्त्वज्ञान ना?' त्यांचं काही चुकलं नाही. आम्ही आयुष्यभर न्यायदर्शन आणि कान्ट शिकवला. पण त्याच्या आधीपासून, म्हणजे पुण्यात एम.ए.ला होतो तेव्हापासून, आम्हाला या घोड्यांचं वेड आहे. तेव्हा आज पन्नास वर्षांच्या वेडाचा हिशेब द्यायचा आहे असं समजा. हिशेबात जमाही आहे, खर्चही आहे.

जळगावात बसून रेसच्या घोड्यांबद्दल काय बोलायचं, असं तुम्हाला वाटेल. आपल्याकडे केळी, कापूस, सोनं. रेसकोर्स मुंबईला आणि पुण्याला. पण एक गोष्ट सांगतो. सप्टेंबर 1947. देश स्वतंत्र होऊन जेमतेम महिना झालेला. इंग्लंडमधल्या डोंकॅस्टर या गावी सेंट लेजर ही शर्यत होती. ही 1776 पासून चालत आलेली, इंग्रजांच्या पाच 'क्लासिक' शर्यतींतली सर्वांत जुनी. ती त्या वर्षी जिंकली बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या घोड्यानं. त्या घोड्याचं नाव होतं 'सयाजीराव'.

आता हे सयाजीराव कोण? प्रतापसिंहरावांचे आजोबा, महाराजा सयाजीराव तिसरे. जन्म 1863, गाव कवळाणे, तालुका मालेगाव. आज आपण मालेगाव नाशिकमध्ये धरतो, पण नाशिक जिल्हा झाला 1869 साली. म्हणजे गोपाळराव नावाचा तो शेतकऱ्याचा मुलगा जन्मला तेव्हा कवळाणे खानदेशातच होतं. 1875 मध्ये बडोद्याच्या जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं, आणि पुढे त्याच मुलानं आपल्या राज्यात सक्तीचं मोफत शिक्षण आणलं, हे तुम्ही शाळेत वाचलेलं आहे. शाळेत वाचलेलं नाही ते हे, की त्याच्या निधनानंतर आठ वर्षांनी त्याचं नाव घेऊन एक घोडा डोंकॅस्टरच्या गवतावर पहिला आला. कवळाण्यापासून डोंकॅस्टरपर्यंतचं हे अंतर कुणी मोजलंय का? आम्हाला तरी ते फार मोठं वाटतं.

या घोड्याची किंमत ऐका. 1945 च्या लिलावात, वर्षभराचं शिंगरू असताना, महाराजांनी त्याला 28,000 गिनींना घेतलं. तोवर इतक्या लहान शिंगराला एवढी किंमत कधीच आली नव्हती. एक गिनी म्हणजे 21 शिलिंग, आणि तेव्हाचा रुपया दीड शिलिंगाचा. म्हणजे झाले जवळपास चार लाख रुपये, 1945 चे. कारण काय? तर त्याचा सख्खा भाऊ दांते त्याच वर्षी डर्बी जिंकला होता. शिंगरानं स्वतः अजून काहीच केलेलं नव्हतं. ही किंमत त्याची नव्हती, त्याच्या भावाची आणि बापाची होती. बाप होता निअर्को, इटलीत पैदास झालेला, एकही शर्यत न हरलेला घोडा.

पुढे काय झालं? 1947 च्या वसंतात 'टू थाउजंड गिनीज'मध्ये सयाजीराव तिसरा. डर्बीत पुन्हा तिसरा. लोक म्हणायला लागले असतील, महाराजांना भावाच्या नावावर टोपी घातली. मग तो आयर्लंडची डर्बी जिंकला आणि सप्टेंबरात सेंट लेजर. ही शर्यत जवळजवळ तीन किलोमीटरची. पहिल्या मैलात चमकणारे घोडे तिथं शेवटी श्वास टाकतात. या घोड्याचा गुण वेगाचा कमी आणि दमाचा जास्त होता. आजोबांसारखाच म्हणायचा. हा विनोद आमचा, शास्त्र नव्हे.

पुढच्या वर्षी, 1948 मध्ये, त्याच महाराजांचा दुसरा घोडा 'टू थाउजंड गिनीज' जिंकला. त्याचं नाव 'माय बाबू'. न्यूमार्केटला महाराजांनी वॉरन प्लेस नावाचा अख्खा तबेला विकत घेतला होता. आणि इकडे? 1949 साली बडोदा मुंबई राज्यात विलीन झालं, 1951 साली भारत सरकारनं प्रतापसिंहरावांची महाराजा म्हणून मान्यता काढून घेतली. त्यांच्या खर्चाविषयी तेव्हा बरंच बोललं गेलं. नातवाच्या घोड्याला आजोबांचं नाव दिलं, पण आजोबांचा हात आखडता होता तसा नातवाचा नव्हता, एवढंच म्हणू.

जाता जाता एक. त्याच काळात आपल्या खानदेशात दुसरे एक प्रताप होते. अमळनेरचे श्रीमंत प्रतापशेठ. त्यांनी पैसा घातला तो तत्त्वज्ञानात. 1916 साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं, आणि कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा माणूस बंगालमधून तिथं आला. एका प्रतापानं घोडे पोसले, दुसऱ्यानं तत्त्वज्ञ. दोन्ही परवडत नाहीत, हे दोन्ही तबेल्यांत वावरलेला माणूस म्हणून सांगतो.

आणि पश्चिमेकडे बघा. अक्कलकुवा ओलांडला की सागबारा, डेडियापाडा, म्हणजे जुन्या राजपीपळ्याचा मुलूख. तिथले महाराज विजयसिंहजी. त्यांच्या 'विंडसर लॅड' या घोड्यानं 1934 ची एप्सम डर्बी जिंकली. हा घोडा घेतला होता फक्त 1,300 गिनींना. डर्बीनंतर महाराजांनी तो एका बुकीला विकला, आणि त्या बुकीच्या नावावर तो त्याच वर्षी सेंट लेजरही जिंकला. एक घोडा 28,000 ला, एक 1,300 ला, आणि स्वस्तातल्यानं डर्बी मारली. म्हणजे घोडा ओळखायचा तरी कसा?

इथं आमच्यातला मास्तर जागा होतो. घोडा ओळखायचा कसा, हा ज्ञानाचा प्रश्न आहे. प्रमाणांचा प्रश्न आहे.

आपली जुनी पद्धत लक्षणांची. ती बघायची असेल तर सारंगखेड्याला जा. तापीकाठी एकमुखी दत्ताचं देऊळ, दत्तजयंतीपासून भरणारी यात्रा आणि तिथला घोडेबाजार. मारवाडी, काठियावाडी, पंजाबचे पांढरे नुकरे. तिथं व्यापारी घोड्याला आधी पळवत नाही. तो त्याच्या अंगावरचे भोवरे वाचतो. गळ्याला देवमण आहे का? चारही पाय आणि तोंड पांढरं, म्हणजे पंचकल्याण आहे का? डोळ्याखाली आसूढाळ तर नाही ना? तो असला तर घरात रडारड होणार म्हणून लाखाचा घोडा हजारावर येतो. आणि गोम. केसांची ती उलटी रेघ. 'यात एक गोम आहे' असं आपण रोज म्हणतो ते या घोड्याच्या अंगावरून उतरलेलं आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

हे सगळं अनुमान. धूर दिसला की अग्नी, तसा देवमण दिसला की भाग्य. आता न्यायशास्त्र विचारील, व्याप्ती कुठंय? जिथं जिथं देवमण तिथं तिथं यश, हे कुणी कधी पाहिलंय? नाही. पण आम्ही या लोकांना हसणार नाही. एकदा तिथं एका पांढऱ्याशुभ्र घोड्यापाशी आम्ही भान हरपून उभे होतो, तेव्हा शेजारचा म्हातारा शेतकरी म्हणाला, 'पाय दख भो, रंग काय दखस!' त्या माणसानं भोवरे गिऱ्हाइकासाठी ठेवले होते आणि पाय स्वतःसाठी. गुडघ्याखालची नळी, खुराचा कोन, चालताना मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडतो का, हे तो बघत होता. न्यूमार्केटच्या लिलावात लाखो पौंड मोजणारा तज्ज्ञ यापेक्षा वेगळं काही बघत नाही.

दुसरी पद्धत इंग्रजांची. वंशाची वही. सतराव्या शतकाच्या शेवटापासून पन्नासेक वर्षांत तीन पूर्वेकडचे घोडे इंग्लंडला पोचले. बायर्ली टर्क हा एका कॅप्टनचा लढाईतला घोडा. डार्ली अरेबियन 1704 साली सीरियातल्या अलेप्पोहून धाडलेला. गोडॉल्फिन अरेबियन फ्रान्समार्गे आलेला. आज जगात जितके थरोब्रेड आहेत, जपानपासून अर्जेंटिनापर्यंत, त्या सगळ्यांची पितृपरंपरा या तिघांपैकी एकाला जाऊन मिळते, आणि त्यातही बहुतेक सगळ्यांची डार्ली अरेबियनला. तिघांच्या नावांत मालक इंग्रज आहे, घोडा नाही, हेही बघून ठेवा. जिला इंग्रज आपली निर्मिती म्हणतात ती जात अरबी-तुर्की बापांची. 1791 मध्ये जेम्स वेदर्बी यांनी 'जनरल स्टड बुक' काढलं, आणि तेव्हापासून नियम असा, की ज्याचे आईबाप या वहीत तोच थरोब्रेड. कृत्रिम रेतन चालत नाही, आजही. उत्तर गोलार्धातल्या प्रत्येक शिंगराचा वाढदिवस 1 जानेवारीला, मग ते एप्रिलात का जन्मेना. आपल्याकडे शाळेत नाव घालताना मास्तर 1 जून लिहायचे ना, तसंच.

वही म्हणजे शब्दप्रमाण. आप्तवाक्य. वहीत लिहिलंय म्हणून खरं. 28,000 गिनी मोजल्या त्या याच प्रमाणावर.

आणि तिसरी पद्धत, प्रत्यक्ष. पळवून बघा. मराठीनं हा निकाल केव्हाच दिलाय. 'घोडामैदान जवळच आहे' असं आपण म्हणतो, देवमण जवळ आहे असं म्हणत नाही. शर्यत या खेळाचं सगळं तत्त्वज्ञान या एका शब्दात आहे, घोडामैदान. आमचं वेड हे त्याचं वेड आहे. वर्गात कान्ट बरोबर की ह्यूम, याचा निकाल चाळीस वर्षांत लागला नाही. तिथं अडीच मिनिटांत लागतो.

आपल्याकडे शर्यती नव्या नाहीत. वेदांत रथांच्या शर्यती आहेत. वाजपेय यज्ञात सतरा रथांची शर्यत हा विधीचाच भाग. पण आज आपण बघतो तो खेळ मुंबईत कंपनी सरकारच्या काळात रुजला. 1802 मध्ये बॉम्बे टर्फ क्लब निघाला, शर्यती भायखळ्याला. तेव्हा पळत ते बहुतांशी अरबी घोडे, बसऱ्याकडून जहाजानं आलेले. म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी थरोब्रेड घडवला त्यांचेच भाऊबंद. पुण्याचं रेसकोर्स 1830 चं, महालक्ष्मीचं 1883 चं. 1935 साली क्लबाच्या नावामागे 'रॉयल' लागलं. आणि 1943 मध्ये महालक्ष्मीला पहिली इंडियन डर्बी झाली, 2400 मीटरची. ती कुणी जिंकली? 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' या घोडीनं. मालक पुन्हा बडोद्याचे महाराज. पुढे पांडू खाडे, वसंत शिंदे अशी मराठी नावं जॉकींच्या यादीत आली. घोडे राजांचे आणि शेटजींचे, पाठीवर बसणारे मात्र आपल्यातले. 'स्क्वॉन्डरर' 19 पैकी 18 शर्यती जिंकला, 'इल्यूझिव्ह पिंपर्नेल' 23 पैकी 22. ही नावं उच्चारली की आमच्या वयाची मंडळी अजून सरसावून बसतात.

आमच्या आवडीची एक गोष्ट समजावून सांगतो, हँडिकॅप. रोजच्या बहुतेक शर्यती अशा असतात, की जो घोडा चांगला त्याच्यावर वजन जास्त. वरच्या घोड्यावर साठ किलोच्या आसपास, खालच्यावर पन्नासच्या. जॉकी हलका पडला तर खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालतात. शर्यतीआधी तोलतात, नंतर पुन्हा तोलतात. वजन ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचं स्वप्न एकच, सगळे घोडे एकाच क्षणी खांबाशी यावेत. याउलट डर्बीत सगळे एका वयाचे आणि सगळ्यांवर सारखंच वजन, घोडीला काय ती थोडी सूट. आता सांगा, समता कुठली? सर्वांवर सारखं ओझं, की ज्याची ताकद जास्त त्याच्यावर जास्त ओझं? न्यायाच्या या दोन कल्पनांवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेलेत. महालक्ष्मीला एकाच दुपारी दोन्ही पळताना दिसतात, आणि तिकीट काढलेला माणूस दोन्ही मुकाट्यानं मान्य करतो.

तिकीट म्हटलं, आता खर्चाच्या बाजूला येऊ.

टोट कसा चालतो? एका शर्यतीत सगळ्या घोड्यांवर सगळ्यांनी लावलेले पैसे एका डब्यात. समजा एक लाख जमले. क्लब आणि सरकार आपला वाटा काढणार. समजा वीस हजार. उरले ऐंशी. जिंकलेल्या घोड्यावर आठ हजार लागले असतील तर दहाच्या तिकिटाला शंभर. म्हणजे तुम्ही घोड्याविरुद्ध खेळत नाही, क्लबाविरुद्धही नाही. तुम्ही शेजारी उभ्या माणसाच्या मताविरुद्ध खेळता. आणि ज्याचा वाटा आधी निघतो तो सोडून, सगळे मिळून रोज हरतातच. हे साधं गणित आहे. हे गणित आम्हाला पुण्यात पहिल्याच महिन्यात कळलं, आणि आमच्या मामांना जन्मात कळलं नाही.

मामा कापसाचे दलाल. बोलण्यात पटाईत, मनानं दिलदार. त्या काळी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या-मिटत्या आकड्यांवर मुंबईत सट्टा चालायचा. त्यातूनच पुढे मटका आला. मामांना ती गोडी होतीच. मग मुंबईच्या फेऱ्या रविवारी पडायला लागल्या. चोपड्याकडची अकरा एकर काळी जमीन सात वर्षांत गेली. मामींच्या पाटल्या त्याआधी गेल्या. मामा गेल्यावर त्यांच्या कपाटात रेसची पुस्तकं निघाली, वर्षावार बांधून ठेवलेली, प्रत्येक पानावर बारीक पेन्सिलीत टिपणं. आम्ही ती चाळली. अभ्यास उत्तम होता, मंडळी. पाठ्यपुस्तकासारखा. आम्ही ती पुस्तकं जाळायला निघालो तर मामी म्हणाल्या, 'राहू दे. घोड्यांनी काय केलं?'

ती पुस्तकं आमच्याकडे आहेत.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी यावर विचार केलेला आहे. मनू दोन शब्द वापरतो. निर्जीव वस्तूंनी खेळतात ते द्यूत, जिवंत प्राण्यांवर पैज लावतात तो समाह्वय. राजानं दोन्ही मोडून काढावीत असं त्याचं मत. कौटिल्य व्यवहारी. तो म्हणतो, बंद होणार नाही, तेव्हा अधिकारी नेमा, एका जागी खेळवा आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घ्या. मुंबई सरकारनं 1912 साली रेसकोर्स परवान्याचा कायदा केला तो कौटिल्याच्या वळणावर. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, मद्रासच्या एका खटल्यात, सांगितलं की घोड्यांची शर्यत हा प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा नाही. घोड्याचा वंश, फॉर्म, वजन, जॉकी यांचा अभ्यास लागतो. आम्हाला तो निकाल तर्काला धरून वाटतो. फक्त मामांची पेन्सिलीची टिपणं आठवतात. कौशल्य होतं म्हणूनच ते बुडाले. निव्वळ नशीब असतं तर लवकर कंटाळले असते.

सरकारचा वाटा म्हणाल तर कौटिल्याच्या पाचावरून आपण बरेच पुढे आलोय. पैजेच्या पूर्ण दर्शनी रकमेवर आधी 28 टक्के जीएसटी होता, आणि सप्टेंबर 2025 पासून 40. क्लबवाले म्हणतात, यानं खेळ मरेल आणि बेकायदा बुकी जगतील. दुसऱ्या भागाशी आम्ही सहमत आहोत. महालक्ष्मीच्या 211 एकरांपैकी 120 एकर आता महापालिकेच्या उद्यानासाठी आणि 91 क्लबाकडे, असं 2024 मध्ये ठरलं. मुंबईला झाडं हवीत, त्याबद्दल आमची तक्रार नाही.

आमची तक्रार वेगळी आहे, आणि ती आमच्याच वेडाविरुद्ध आहे. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर ताशी साठ किलोमीटरनं पळतं तेव्हा प्रत्येक झेपेत एक क्षण असा येतो, की सगळं वजन एका पायावर असतं. माणसाच्या मनगटापेक्षा फार जाड नसलेल्या नळीवर. आणि आपण त्यांना दोन वर्षांचे असताना पळवायला सुरुवात करतो, हाडं पुरती पक्की होण्याआधी. तीनशे वर्षं आपण वेग निवडला. पाय निवडायचे राहिले. एकदा पुण्याला, आमच्यापासून दोनशे फुटांवर, एक घोडा वळणावर अडखळला. हिरवा पडदा आणून आडोसा केला. पुढची शर्यत वीस मिनिटांत सुटली. आमच्या हातात तिच्या तिकिटाचे पैसे होते. आम्ही ते तिकीट काढलं. हे सांगायला आम्हाला बरं वाटत नाही, पण आज हिशेब पुरा द्यायचा ठरलंय.

बैलांच्या शंकरपटावर 2014 मध्ये बंदी आली, 2021 मध्ये सशर्त उठली, 2023 मध्ये घटनापीठानं कायदा मान्य केला. या सगळ्या काळात रेसकोर्सवर तशी बंदी आली नाही. शेतकऱ्याच्या बैलाला लावलेला प्रश्न शेटजींच्या घोड्याला त्याच जोरात कुणी विचारला नाही. विचारायला हवा. पळणं संपलेले घोडे कुठं जातात? काही पैदाशीला, काही रायडिंग स्कूलला. बाकीचे? जन्माची नोंद 1791 पासून इतकी चोख ठेवणाऱ्यांनी शेवटाची नोंदही तितकीच चोख ठेवावी. त्याच वहीत, शेवटचा एक रकाना. त्याला खर्च फार नाही.

वेळ संपत आली, आयोजक घड्याळ दाखवताहेत. यंदा दत्तजयंतीला आम्ही नेहमीप्रमाणे सारंगखेड्याला जाणार आहोत. अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा करत पहाटे निघायचं. आमचे गुडघे आता फार चालू देत नाहीत, पण पूल ओलांडला की बाजारात उभं राहता येतं. त्या म्हाताऱ्याला हुडकायचंय. एवढे लोक रंग बघायला येतात, त्यानं पाय बघायचं कुणाकडून शिकून घेतलं, हे विचारायचं त्या दिवशी राहून गेलं. गाडीत दोन जागा आहेत, कुणाला यायचं असेल तर सांगा. आता प्रश्न घेऊ या.